लग्नात किल्ट घालू का? (आणि हे स्कॉटिश वेड जगभर का?)

गोठलेला_गुहागरकर

मंडळी, प्रश्न दोन आहेत. एक छोटा, एक मोठा.

छोटा आधी. मी ओंटारिओत असतो. ऑफिसातला जवळचा मित्र सप्टेंबरात लग्न करतोय आणि नवरदेवाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या आम्हा पाच जणांना त्याने किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा तो चौकटीचा, निऱ्यांचा घागरा) घालायला सांगितलंय. भाड्याने मिळतो, पैसे तोच देणार. बायको म्हणते, घाला, फोटो तरी बरे येतील. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "तिकडे जाऊन आता परकर नेसणार का?" मला स्वतःला भीती वेगळीच आहे. माझा त्या परंपरेशी काडीचा संबंध नाही, मग ते सोंग दिसणार नाही का?

आता मोठा प्रश्न. हा मित्र जन्मात स्कॉटलंडला गेलेला नाही. त्याचे वडीलही नाहीत. पूर्वज १७८६ च्या सुमारास स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समधून इथे ग्लेनगॅरी भागात आले. म्हणजे तिकडे सवाई माधवराव गादीवर होते तेव्हा! इतक्या पिढ्या गेल्या, भाषा गेली, तरी हा गडी बॅगपाइप ऐकला की हळवा होतो. गेल्या ऑगस्टात तो मला मॅक्सव्हिलच्या हायलँड गेम्सना घेऊन गेला. १९४८ पासून भरतात. गाव एवढंसं, वातावरण आपल्या जत्रेचं. चिखल, तळणाचा वास, हरवलेली पोरं. संध्याकाळी सगळी पाइप पथकं एकदम मैदानात उतरली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. शेजारी एक पंजाबी आजोबा डोळे पुसत होते. नाचाच्या स्पर्धेतल्या अर्ध्या मुलींचा स्कॉटलंडशी रक्ताचा संबंध नसावा.

स्कॉटलंडची वस्ती जेमतेम ५४-५५ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती. एवढ्याशा देशाचे कपडे, वाद्यं, गाणी, दारू साऱ्या जगाला आपली का वाटतात?

मिरचीभजी

मोठ्या प्रश्नाचं नंतर बघू. आत काय घालणार ते ठरलं का?

ठोकळेबाज

किल्टला साधारण आठ वार कापड लागतं म्हणे. म्हणजे आपलं नऊवार तर त्यांचं आठवार. आईंना सांगा, परकर नाही, एक वार कमी पडलंय फक्त.

कागदोपत्री

धागाकर्त्यांच्या मोठ्या प्रश्नाला रोखठोक उत्तर: उत्तम जाहिरात. बाकी काही नाही.

आज आपण ज्याला 'स्कॉटिश परंपरा' म्हणतो त्यातला निम्मा माल एकोणिसाव्या शतकातला आहे. मुळात हायलँड म्हणजे डोंगराळ उत्तर-पश्चिम भाग, गेलिक बोलणारा. एडिंबरा-ग्लासगोकडचे लोलँडर या डोंगरी लोकांना चोर आणि रानटी समजायचे. मग १८२२ च्या ऑगस्टात राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला. पावणेदोनशे वर्षांत राज्यावर असलेला राजा तिकडे फिरकला नव्हता. स्वागताची सगळी सूत्रं कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटच्या हातात. त्याने फर्मान काढल्यासारखं सगळ्या प्रतिष्ठितांना हायलँडी पोशाखात उभं केलं. ज्यांच्या आजोबांनी डोंगरी माणसाला दारात उभं केलं नसतं, तेही टार्टन, म्हणजे ते चौकटीचं कापड, गुंडाळून हजर! खुद्द राजा किल्टखाली गुलाबी तुमान घालून आला. व्यंगचित्रकारांची दिवाळी झाली.

प्रत्येक घराण्याचा म्हणजे क्लॅनचा वेगळा टार्टन हीही बऱ्याच अंशी नंतरची सोय. बॅनॉकबर्नच्या विल्सन कंपनीसारखे विणकर नमुन्यांना आधी आकडे द्यायचे, मग गावांची आणि घराण्यांची नावं चिकटली, कारण नाव असलेलं कापड खपतं. १८४२ मध्ये दोन भावांनी तर 'जुन्या हस्तलिखितावरून' म्हणत टार्टनचा अख्खा ग्रंथ छापला. हस्तलिखित बनावट निघालं. त्यातले नमुने लोक आजही अभिमानाने घालतात. पुढे व्हिक्टोरिया राणीने १८५२ मध्ये बालमोरल विकत घेतलं, तिथल्या गालिच्यांपासून पडद्यांपर्यंत सगळं चौकटीचौकटीचं केलं, आणि विषय संपला.

तेव्हा साहेब, खुशाल घाला. तुम्ही सोंग घेताय असं वाटत असेल तर ते दोनशे वर्षांपूर्वीच सुरू झालंय.

मिरचीभजी

गुलाबी तुमान! माझ्या प्रश्नाचं उत्तर राजानेच देऊन ठेवलंय.

धुक्यातली_वाट

कागदोपत्री, तुमची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. मी इन्व्हर्नेसजवळ अकरा वर्षं राहते, नोकरी इथल्याच एका दवाखान्यात. कलोडनचं मैदान माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे.

१६ एप्रिल १७४६. तासाभराची लढाई. ब्रिटिश गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्सच्या बाजूची दीड हजाराच्या आसपास माणसं पडली. ('स्कॉट विरुद्ध इंग्रज' असं सगळे सांगतात, पण सरकारी फौजेतही स्कॉट होतेच.) त्यानंतर कायदा आला. १ ऑगस्ट १७४७ पासून हायलँडच्या पुरुषांनी, पोरांनी डोंगरी पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं काळं पाणी. सूट फक्त ब्रिटिश सैन्यात भरती होणाऱ्याला. म्हणजे तुझा किल्ट तू घालू शकतोस, पण आमच्या राजासाठी मरायला तयार असशील तर. १७८२ मध्ये बंदी उठली. पस्तीस वर्षांत एक पिढी गेली होती.

आणि मग मेंढ्या. जमीनदारांना कुळांच्या खंडापेक्षा मेंढपाळीत जास्त पैसा दिसला. गेलिकमध्ये १७९२ ला 'मेंढ्यांचं साल' म्हणतात. सदरलंडमध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात १८१४ मध्ये माणसं बाहेर काढून घरांचे वासे पेटवले. पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यावर खटला झाला, निर्दोष सुटला. मी ते खोरं पाहिलंय. गवताखाली घरांच्या पायाचे दगड दिसतात. बोलायला कोणी नाही.

यातली वाईट गोष्ट म्हणजे बाहेर काढणारे पुष्कळदा आपल्याच कुळाचे प्रमुख होते. 'क्लॅन' हा शब्द गेलिकमधल्या 'लेकरं' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. बापानेच घराबाहेर काढावं तसं झालं ते. अशी माणसं जहाजात बसून कॅनडाला गेली. त्यांच्या नातवंडांना ओळख टिकवायला जे हाती लागलं ते त्यांनी धरलं. आता ते कापड विल्सनच्या यंत्रावरचं होतं की आजीच्या मागावरचं, याने त्यांच्या रडण्याला खोटं कसं म्हणणार?

गुहागरकर, तुमच्या मित्राचे पूर्वज १७८६ चे म्हणजे मोठ्या घरजाळीच्या आधीचे. तेव्हा वाढत्या खंडाला कंटाळून गावंच्या गावं आपले पाद्री घेऊन निघत. तरी जखम तीच.

कागदोपत्री

ताई, रडणं खोटं म्हटलंच नाही. पण जगभरच्या लोकांना स्ट्रॅथनेव्हर ठाऊक नसतं, बिस्किटाच्या डब्यावरचा टार्टन ठाऊक असतो. प्रश्न जगाच्या आकर्षणाचा होता. बाकी पोशाखबंदीच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. बॅगपाइपवर बंदी होती असंही सांगतात, ते मात्र त्या कायद्यात नाही.

धुक्यातली_वाट

कायद्यात नाही, खरंय. पण १७४६ च्या नोव्हेंबरात यॉर्कला जेम्स रीड नावाच्या पाइपरला फाशी दिलं. मी लढलो नाही, फक्त वाजवत होतो, असं तो म्हणाला. कोर्ट म्हणालं, डोंगरी पलटण पाइपशिवाय चालत नाही, सबब हेही हत्यारच.

षड्ज_पंचम

धुक्यातली_वाट, नेमकी गोष्ट सांगितलीत. वाद्याला हत्यार ठरवणं हा एका अर्थी त्या वाद्याचा केवढा सन्मान!

पाइपबद्दल मला बोलायचंच होतं. मी हार्मोनियम शिकवतो. बॅगपाइपला लोक 'पॅं पॅं' म्हणून हसतात, कारण त्यांनी फक्त लग्नाच्या वरातीतला ऐकलेला असतो. त्याला तीन ड्रोन असतात, सतत एकच स्वर धरून ठेवणारे. आपल्या तंबोऱ्याचंच काम ते. वर वाजणाऱ्या नळीला स्वर फक्त नऊ. हवा तोडता येत नाही, जोर कमीजास्त करता येत नाही, त्यामुळे सगळी करामत कणस्वरांवर. म्हणजे सनईवाल्याला श्वासाची मुभा, याला तीही नाही.

त्यांच्यात 'पिब्रॉक' नावाचा मोठा प्रकार आहे. आधी संथ मूळ धून, तिला ते 'जमीन' म्हणतात. मग एकेक चढत्या गुंतागुंतीची आवर्तनं, आणि शेवटी परत साध्या मूळ धुनेवर येऊन थांबायचं. पंधरा-वीस मिनिटं सहज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, हे तर विलंबित ख्यालाचं चुलत घराणं! घराणंही खरोखर होतं. स्काय बेटावरचे मॅकक्रिमन पिढ्यानपिढ्या मॅक्लाउड सरदारांचे पाइपर. आणि शिकवायचे कसे? तोंडाने बोल म्हणून. ठरावीक अक्षरांनी स्वर आणि कण सांगायचे. लिहून नाही, कानाने. तबल्याच्या बोलांवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

धागाकर्ते, तुमच्या अंगावर काटा आला त्याचं कारण डोक्यात नाही, कानात आहे. षड्ज धरून ठेवलेलं कुठलंही संगीत आपल्याला घरचं वाटतं.

सासवडची_सून

वा, षड्ज_पंचम! यावरून आठवलं. हेब्रिडीज बेटांवर बायका ओलं लोकरी कापड टेबलावर आपटून घट्ट करायच्या आणि ते करताना गाणी म्हणायच्या. एक बाई ओळ म्हणणार, बाकीच्या धृपद. कोणाचा नवरा बुडाला, कोणाचं कोणावर मन आहे, सगळं त्यात. मी ती ध्वनिमुद्रणं ऐकली आणि थेट आजीच्या जात्याजवळ जाऊन बसले. भाषेचं अक्षर कळत नव्हतं. दळण संपलं की ओवी संपते तसं कापड झालं की गाणं संपतं.

तिथलं हॅरिस ट्वीड अजून बेटावरच, विणकराच्या स्वतःच्या घरात, हातमागावर विणावं लागतं. १९९३ चा संसदेचा कायदाच आहे तसा. पैठणीवाल्यांनी वाचावं.

वजडीवीर

इतके प्रतिसाद झाले आणि हॅगिसचं नाव नाही? लाजा वाटू द्या.

मेंढीचं काळीज, कलेजी, फुफ्फुस बारीक करून त्यात ओट, कांदा, चरबी, मिरपूड घालायची आणि मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून उकडायचं. वजडी आणि मुंडी रस्सा ज्यांना चालतो त्यांनी नाकं मुरडू नयेत. मी ग्लासगोत खाल्लं, सोबत कुस्करलेला बटाटा आणि सलगम. चव आपल्या खिम्याच्या जवळची, जरा अळणी. तिथल्या देशी हॉटेलांत हॅगिस पकोडा मिळतो. तो मात्र स्वर्ग.

अमेरिकेत १९७१ पासून फुफ्फुस घातलेलं अन्न आणायला बंदी आहे, त्यामुळे तिकडचे स्कॉट खऱ्या हॅगिससाठी झुरतात. शाकाहारी हॅगिससुद्धा निघालंय. त्यावर मी काही बोलणार नाही, घरात भांडण होतं.

गंमत म्हणजे दर २५ जानेवारीला, कवी रॉबर्ट बर्न्सच्या वाढदिवशी, पाइप वाजवत हॅगिसची मिरवणूक काढतात आणि त्याच्यासमोर बर्न्सचीच कविता म्हणून सुरा खुपसतात. आपल्याकडे कुठल्या कवीच्या जयंतीला लोक असे पोटभर जेवतात, सांगा! हारतुरे आणि अध्यक्षीय भाषणावर बोळवण.

खडकवासला_सेवानिवृत्त

बर्न्सचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. एनडीएच्या दीक्षांत संचलनात शेवटी 'ऑल्ड लँग साइन'ची धून वाजते आणि मुलं संथ पावलांनी मैदान सोडून वर जातात. त्याला अंतिम पग म्हणतात. मी त्या वयात होतो तेव्हा ती धून कोणाची, काय, काही माहीत नव्हतं. आपल्याला वाटायचं, ही आपलीच. गळा दाटायचा. पुढे कधीतरी कळलं की शब्द एका स्कॉटिश शेतकऱ्याच्या पोराचे, जो १७९६ मध्ये अवघा ३७ वर्षांचा असताना गेला.

हीच धून रवींद्रनाथांनी 'पुरानो शेई दिनेर कोथा'ला घेतली. जपानात १८८१ पासून ती शाळेच्या निरोप समारंभात आहे, आणि तिथली दुकानं बंद व्हायच्या वेळी ती लावतात असं माझ्या मुलीने सांगितलं. कोरियाचं राष्ट्रगीतही एके काळी याच चालीवर म्हणायचे. कुणाला निरोप द्यायचा असला की जगाला ही चाल सुचते.

इंग्रज गेले, पण आपल्या पलटणींनी पाइप बँड ठेवले. त्याचं मला तरी कधी ओझं वाटलं नाही. उत्तराखंडात मशकबीन, म्हणजे बॅगपाइपच, लग्नाकार्यात वाजते, तिला कोणी परदेशी म्हणत नाही. आणि जगातले ढिगाने बॅगपाइप बनतात ते सियालकोटला.

गुहागरकर, किल्ट घाला. फक्त ताठ उभे राहा. पोक काढलं तर कुठलाच पोशाख शोभत नाही.

मिरचीभजी

काका, सॅल्यूट. पुढच्या प्रतिसादापर्यंत विनोद बंद.

जालनेकर_भोकरदन

मी हा धागा दोन दिवस वाचतोय, आता राहवंना म्हणून लिहितो. हे हायलँडर लोक आमच्या शिवारात येऊन गेले हो.

असई आमच्या जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३, इकडून शिंदे-भोसल्यांची फौज, तिकडून इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. त्याच्याकडं दोन स्कॉटिश पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी. ७४ वी रस्ता चुकून थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली. तिचं कंबरडंच मोडलं. इंग्रज जिंकले ते खरं, पण वेलस्ली पुढं वॉटर्लू जिंकूनसुद्धा असईचं नाव काढायचा. त्या पलटणीला निशाणीवर हत्ती आणि खाली 'असई' असं नाव मिळालं. पुढं ती ज्या हायलँड लाइट इन्फन्ट्रीत मिसळली, तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर पण असई होतंच. म्हणजे ग्लासगोच्या पोरांनी पाऊणशे वर्षं आमच्या गावाचं नाव डोक्यावर मिरवलं, आणि आमच्याकडं शेजारच्या तालुक्यात विचारलं तर कुणी सांगत नाही!

धुक्यातली ताई म्हणल्या तसं, ज्यांची घरं जमीनदारांनी मोडली, पोशाख सरकारनं काढून घेतला, तीच पोरं पोटासाठी पलटणीत शिरली आणि इकडं येऊन आमची राज्यं मोडली. कुणाची कीव करावी ते कळत नाही.

धुक्यातली_वाट

जालनेकर दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले बराच वेळ. पुढच्या वेळी देशात आले की असईला येईन. ७८ वी पलटण तर मॅकेन्झी सरदाराने माझ्या घराच्या उत्तरेला, रॉसशायरात उभी केलेली.

दुसरी_बाजू

शेवटी कुणीतरी बोललं. इथवर सगळा धागा 'बिचारे स्कॉट' या सुरात चालला होता.

साम्राज्यात स्कॉट नुसते शिपाई नव्हते, मालक होते. ग्लासगोतल्या बुकॅनन स्ट्रीटवर आज लोक खरेदीला जातात, ती एका तंबाखू व्यापाऱ्याच्या नावाची. तंबाखू पिकवायचे गुलाम. जवळच जमैका स्ट्रीटही आहे. जमैकात कॅम्पबेल आडनावाची कृष्णवर्णी माणसं एवढी का, याचा विचार करा. आणि ज्या बर्न्सवर काका हळवे झाले तो १७८६ मध्ये जमैकाच्या मळ्यावर हिशेबनीस म्हणून जायला निघाला होता. पहिलं पुस्तक खपलं म्हणून राहिला. कॅनडात हाकललेल्या हायलँडरांना जमीन मिळाली ती कुणाची होती? तिथल्या मूळ रहिवाशांची.

अमेरिकेच्या दक्षिणेत वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांनी सरंजामी स्वप्नं पेरली आणि यादवीला हातभार लावला, असं मार्क ट्वेन वैतागून लिहून गेलाय. अतिशयोक्ती असेल, पण वारसा घेताना बिल पण बघावं.

खडकवासला_सेवानिवृत्त

मुद्दा मान्य. बर्न्सचं हे मला ठाऊक नव्हतं. धून ऐकताना आता तेही आठवेल. तरी गळा दाटेलच, त्याला इलाज नाही.

काजूफेणी_संघ

गंभीर वातावरणाबद्दल क्षमस्व, पण स्कॉचवर एकही प्रतिसाद नाही हे मराठी माणसाला शोभतं का?

२०२२ मध्ये बाटल्यांच्या हिशेबात भारताने फ्रान्सला मागे टाकून पहिला नंबर घेतला. तेही १५० टक्के आयातकर भरून! २०२५ च्या करारात तो आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. नियम असा की ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं, तेही स्कॉटलंडातच. तिकडे थंडीत पिंपातली वर्षाला दोनेक टक्के उडून जाते, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. आमच्या गोव्यातही सिंगल माल्ट बनते आता, पण आमच्या उकाड्यात देवदूत जास्त पितात.

जगाला स्कॉटलंड का आवडतं? बाटलीच्या चिठ्ठीवर डोंगर, हरीण आणि धुकं असतं म्हणून. दोन पेगनंतर प्रत्येकाचं मूळ गाव हायलँड्समध्ये असतं.

ठोकळेबाज

आपल्या पिढीचं स्कॉटलंड तर शाहरुख-काजोलच्या १९९८ च्या त्या गाण्यातलं. तो पाण्यातला किल्ला आणि पूल! आयलन डोनन. बायकोला घेऊन खास गेलो. गाइड म्हणाला, हा १७१९ मध्ये पाडला होता, आज दिसतो तो १९१२ ते १९३२ मध्ये नव्याने बांधलेला. म्हणजे आमच्या आजोबांच्या मुंजीच्या वेळचा. बायको म्हणाली, "मग काय झालं, फोटो काढ."

कागदोपत्री

ठोकळेबाज, तुमच्या सौभाग्यवतींनी माझा सगळा प्रबंध चार शब्दांत संपवला. धन्यवाद.

दक्षिणध्रुवाजवळ

न्यूझीलंडमधून लिहितेय. आमच्या गावाचं नाव डनीडिन, म्हणजे एडिंबऱ्याचंच गेलिक नाव. १८४८ मध्ये स्कॉटिश चर्चची मंडळी इथे आली, त्यांचा पाद्री बर्न्सचा सख्खा पुतण्या. रस्त्यांची नावं एडिंबऱ्याची जशीच्या तशी. तिथला प्रिन्सेस स्ट्रीट तर इथेही प्रिन्सेस स्ट्रीट. चौकात बर्न्सचा पुतळा. माझा मुलगा शाळेच्या पाइप बँडमध्ये ड्रम वाजवतो. गणपतीत ढोलही वाजवतो. त्याला दोन्हींत काही विसंगत वाटत नाही.

मला वाटतं त्यांचं मोठेपण यात आहे की आत यायला कोणी दाखला मागत नाही. पूर्वीसुद्धा सरदाराच्या आश्रयाला आलेला माणूस त्याचं आडनाव लावायचा, रक्ताचा असो नसो. आज कोणीही नवा टार्टन सरकारी नोंदवहीत नोंदवू शकतं. शिखांचासुद्धा टार्टन आहे. आपल्याकडे बाहेरच्या माणसाने फेटा बांधला तर आपण कौतुक करतो, पण लगेच विचारतो, "कुठले तुम्ही?"

दुसरी_बाजू

दाखला मागत नाहीत कारण नफा आहे. पण हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे हे मान्य.

महाराष्ट्रधर्म_वाढवावा

मग आपल्या मावळ्यांचा पोशाख जगभर का नाही? आपण कमी पडतो ते इथेच!! शासनाने

महाराष्ट्रधर्म_वाढवावा

अर्धाच पोस्ट झाला. शासनाने लक्ष घालावं असं म्हणायचं होतं.

सासवडची_सून

दादा, आपला इतिहास इंग्रजीत पहिल्यांदा सविस्तर लिहिला तो बॅनफ गावच्या स्कॉटने, ग्रँट डफने, १८२६ मध्ये. त्याच्या चुका काढण्यात आपल्या इतिहासकारांच्या पिढ्या घडल्या. महाबळेश्वरची माल्कम पेठ दुसऱ्या स्कॉटच्या नावाची. इतके उपकार पुरेत, शासनाला यात नको ओढू. :)

धुक्यातली_वाट

एक गोष्ट राहिली आणि ती सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. जगाला किल्ट हवा, पाइप हवा, किल्ले हवेत. भाषा कोणाला हवी? २०२२ च्या जनगणनेत गेलिक बोलणारे सुमारे ७० हजार. डोंबिवलीत याहून जास्त लोक सकाळची लोकल पकडत असतील. माझ्या दवाखान्यात बेटावरच्या एक आजी होत्या. शेवटच्या दिवसांत त्यांचं इंग्रजी पुसलं गेलं, फक्त गेलिक उरलं. पाळीवर ते येणारं कोणी नव्हतं. मी नुसता हात धरून बसले आणि काय करावं कळेना म्हणून मराठीत बोलत राहिले. त्या मान हलवत होत्या.

त्यानंतर मी मोबाइलवर गेलिक शिकायला घेतलं. तिथे लाखो लोक शिकतायत, त्यातले बहुतेक स्कॉटलंडबाहेरचे. २०२५ मध्ये कायद्याने गेलिकला अधिकृत दर्जाही मिळाला. तेव्हा कागदोपत्री, बिस्किटाच्या डब्यावरून आत शिरलेली काही माणसं थेट व्याकरणापर्यंत पोचतात. विभक्ती तिथेही आहेत. आपल्याला सोपं जातं.

षड्ज_पंचम

ताई, यावर काही लिहीत नाही. फक्त पोचलं एवढं सांगतो.

मिरचीभजी

विनोदबंदी अजून चालू ठेवतो.

गोठलेला_गुहागरकर

सर्वांचे मनापासून आभार. छोट्या प्रश्नाला एवढं मोठं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. धागा मित्राला थोडाथोडा इंग्रजीत करून ऐकवला. असईचं त्याला माहीत नव्हतं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की त्याच्या घरात कोणीतरी त्या काळात पलटणीत होतं, पण कुठल्या ते विचारायला आता आजी नाही.

शनिवारी मापं द्यायला गेलो. दुकानदाराने सवयीने विचारलं, "आडनाव?" मी सांगितलं. त्याने न हसता यादीत शोधलं! मग म्हणाला, कोणालाही चालतात असे दोन-चार नमुने आहेत, आणि 'ब्लॅक वॉच' समोर ठेवला. गडद हिरवा-निळा. मी घेणारच होतो, तेवढ्यात मित्राने सांगितलं की हा मुळात सरकारच्या डोंगरी पलटणीचा. म्हणजे बंदीच्या काळात ज्यांना परवानगी होती त्यांचा. या धाग्यानंतर तो हातात धरवेना. जालनेकरांचं वाक्य आठवलं. शेवटी मित्राच्याच घराण्याचा घेतला. मी विचारलं, चालेल ना? तो म्हणाला, "आमच्याकडे असेच लोक वाढले."

कागदोपत्री, त्याच्या घराण्याचा हा नमुना किती जुना आहे ते मी मुद्दाम शोधलेलं नाही. तुम्हीही शोधू नका, लग्नापर्यंत तरी.

घालायला पाऊण तास लागला. पट्टे, बकला, पुढे लोंबणारी कातडी पिशवी, मोज्यात खोचायची सुरी. घड्या सगळ्या मागच्या बाजूला, पुढे सपाट. मी काकांनी सांगितल्याप्रमाणे ताठ उभा राहिलो. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांनी आईचा फोन. परकराचा विषय नाही, सोंगाचा नाही. नीट निरखून बघितलं असावं. म्हणाली, "निऱ्या मागे का रे काढल्यात?"